‘एमएसडब्ल्यूंना भेटा’ म्हणजे नक्की कोणाला? समाजकार्याचं शिक्षण, सोप्या भाषेत

कळव्याच्या किंवा वाशीच्या पालिका रुग्णालयात घरचं माणूस दाखल असतं. बाहेरून आणायच्या औषधांचा खर्च हाताबाहेर जायला लागतो आणि वॉर्डातली सिस्टर हळूच सांगते, "एमएसडब्ल्यूंना भेटून या." मोठ्या धर्मादाय रुग्णालयातही बिलाच्या खिडकीवरून हाच सल्ला मिळतो. आपण जातो. टेबलामागच्या बाई रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला मागतात. घरात कोण कोण आहे, कमावतं कोण, गावी जमीन आहे का, पेशंटला घरी गेल्यावर कोण बघणार, असं बरंच काही विचारतात. बाहेर पडताना आपली समजूत होते की सवलतीच्या फॉर्मवर सही करणाऱ्या या क्लार्क असाव्यात. खरं तर त्या असतात ‘मेडिकल सोशल वर्कर’, म्हणजे रुग्णालयातल्या समाजकार्यकर्त्या; एमएसडब्ल्यू हे त्याचंच लघुरूप.

मग कधीतरी घरातलीच मुलगी किंवा भाचा पदवीचा निकाल हातात घेऊन सांगतो, "मला एमएसडब्ल्यू करायचंय." घर दोन मिनिटं गप्प होतं. इंजिनिअरिंग, सीए, बँकेच्या परीक्षा हे कळतं. पण समाजसेवा शिकायला दोन वर्षं आणि फी? ती तर तीन हात नाक्यावरच्या प्रत्येक बॅनरवरचे दादा फुकटात करतात! हा लेख त्या गप्प झालेल्या घरांसाठी आहे.

आधी दोन-चार नावं

समाजकार्य हा अडचणीतल्या माणसाला, कुटुंबाला किंवा वस्तीला उभं राहायला मदत करण्याचा व्यवसाय आहे, आणि त्याचं प्रशिक्षण देणारी ज्ञानशाखाही. बारावीनंतर, कुठल्याही शाखेतून, बीएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्याची पदवी घेता येते. एमएसडब्ल्यू, म्हणजे ‘मास्टर ऑफ सोशल वर्क’, ही दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. तिच्यासाठी बीएसडब्ल्यू असलंच पाहिजे असं नाही. बीकॉम, बीएस्सी, इंजिनिअरिंग झालेली मुलंही येतात. प्रत्यक्ष कामातून होणाऱ्या प्रशिक्षणाला सगळे ‘फील्डवर्क’ म्हणतात आणि ते ज्या संस्थेत, रुग्णालयात किंवा कार्यालयात होतं तिला ‘एजन्सी’. एवढे शब्द पुरेत.

हे शिक्षण काल-परवाचं नाही. १९३६ साली मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, देशातलं या विषयाचं पहिलं महाविद्यालय. तीच आजची देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे टिस. १९५५ मध्ये निर्मला निकेतन आलं, १९६३ मध्ये पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था. त्याच्या कितीतरी आधी, १९११ मध्ये, ना. म. जोशींनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली होती. गिरणगावातल्या कामगारांमध्ये काम करायचं तर नुसता उत्साह पुरत नाही, हे महाराष्ट्राला तेव्हापासून ठाऊक आहे.

ओल दिसते एका भिंतीला, गळती असते भलतीकडे

ठाण्यात राहणाऱ्याला पावसाळ्यातली गळती समजावून सांगावी लागत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बेडरूमला ओल येते. मालक भिंत खरवडून नवा रंग देतो, पुढच्या जूनमध्ये पुन्हा पोपडे. चांगला प्लंबर आधी वर जातो. चौथ्या मजल्यावरचं बाथरूम बघतो, मग पाइपांचा डक्ट, मग गच्ची. कधी दोष एका घरातला निघतो, कधी अख्ख्या विंगचा पाइप कुजलेला असतो, तर कधी इमारतीचं बांधकामच तसं असतं. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात जवळजवळ हेच शिकवतात, फक्त भिंतीच्या जागी माणूस असतो.

समजा, दिव्यात राहणारा पंचेचाळिशीचा एक रिक्षाचालक आहे. दोन्ही मूत्रपिंडं निकामी, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसले आहेत, म्हणजे पैशांचा प्रश्न वरवर मिटलेला. तरीही दोन महिन्यांनी तो आठवड्यातून एकदाच यायला लागतो. फाइलवर शेरा पडतो, ‘रुग्ण सहकार्य करत नाही’. डॉक्टर त्याला झापतात. तो मान हलवतो आणि पुढच्या वेळी पुन्हा येत नाही.

समाजकार्यकर्तीने त्याला झापायचं नसतं, बसवून विचारायचं असतं. तेव्हा कळतं की रिक्षा त्याची स्वतःची नाही, शिफ्टवर चालवतो. डायलिसिसची वेळ सकाळी दहाची. दिवसाची शिफ्ट सोडली की मालक ती दुसऱ्याला देतो. बायको घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये चार घरची कामं करते, खाडा झाला की पैसे कापले जातात, म्हणून सोबत यायला कोणी नाही. डायलिसिसनंतर पाय लटपटत असताना एकट्याने लोकलच्या गर्दीत शिरण्यापेक्षा न गेलेलं बरं, हा त्याचा हिशेब. डॉक्टरांना हट्टीपणा दिसला, ती ओल होती. गळती होती शिफ्टमध्ये.

मग ती युनिटशी बोलून संध्याकाळची वेळ मिळते का बघते, मोठ्या मुलाला एकदा बोलावून वडिलांचं पाणी आणि मीठ किती ते समजावते, पंधरा दिवसांनी पुन्हा चौकशी करते. एका माणसाबरोबरच्या या कामाला ‘व्यक्तिकार्य’ म्हणतात. त्याला ठरलेले टप्पे असतात: माहिती घेणं, अडचण कुठे आहे त्याचा अंदाज बांधणं, त्या माणसाबरोबर बसून योजना ठरवणं, पाठपुरावा, आणि गरज संपली की केस बंद करणं. शेवटचा टप्पा नवशिक्यांना सर्वांत जड जातो. मदत करत राहण्याचीही सवय लागते.

काही महिन्यांत तिच्या लक्षात येतं की दिवा-मुंब्र्याचे असे आणखी सहा-सात पेशंट आहेत. त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना ती महिन्यातून एकदा एकत्र बसवते. कोण कोणाबरोबर येऊ शकेल ते तिथेच ठरतं. जेवणाचं पथ्य डॉक्टरांपेक्षा एकमेकांकडून जास्त पटतं. हे ‘गटकार्य’. आणि त्या भागात जवळ डायलिसिस केंद्र का नाही, हा प्रश्न घेऊन तिथलेच लोक आकडेवारीसह पालिकेकडे गेले, तर ते ‘समुदाय संघटन’. इथे कार्यकर्तीने पुढे उभं राहायचं नसतं, लोक बोलतील एवढी तयारी करून मागे राहायचं असतं.

याच्याही पलीकडे ‘सामाजिक कृती’ येते, म्हणजे धोरण बदलण्यासाठीचा संघटित लढा. नवी मुंबईकरांना तो पुस्तकातून शिकायला नको. नवी मुंबई वसवण्यासाठी सिडकोने ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन घेतली. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्याच्या आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मा झाले आणि दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. हा लढा एमएसडब्ल्यू झालेल्यांनी उभारला नव्हता, हेही सांगायला हवं. पण विस्थापित माणसाला पैसा आणि जमीन यांतलं नेमकं काय हवं असतं, हे वर्गात समजावताना बेलापूर पट्टीइतकं जवळचं उदाहरण सापडणार नाही.

वर्गात काय आणि फील्डवर काय?

वर्गातला भाग कल्पना करता येण्यासारखा आहे. समाजशास्त्र, माणसाची वाढ आणि वर्तन, सामाजिक धोरण, कायदे, संशोधनाच्या पद्धती, संस्था चालवण्याचं तंत्र. शेवटी एक प्रबंध. बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या वर्षी शाखा निवडावी लागते: वैद्यकीय आणि मानसोपचार, कुटुंब आणि बालक, ग्रामीण आणि शहरी समुदाय, गुन्हेगारी आणि न्याय, वगैरे.

खरा अभ्यासक्रम फील्डवर्क. साधारण आठवड्याचे दोन दिवस, म्हणजे पंधरा तासांच्या आसपास, दोन्ही वर्षं. शिवाय एक ग्रामीण शिबिर आणि शेवटी सलग काही आठवडे एकाच एजन्सीत पूर्णवेळ काम, ज्याला मुलं नुसतं ‘ब्लॉक’ म्हणतात. आपल्या भागात जागांची वाण नाही. दिघा आणि तुर्भ्याच्या दगडखाण वस्त्या, येऊरचे आदिवासी पाडे, भिवंडीतले यंत्रमाग कामगार, वाशीतलं महापालिकेचं दिव्यांग मुलांसाठीचं ईटीसी केंद्र, खारघरचं टाटा स्मारकचं कॅन्सर केंद्र. शहापूर-मुरबाडकडे गेलं की कातकरी पाडे लागतात. राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी कातकरी ही एक. त्यांतली कितीतरी कुटुंबं आगाऊ उचल घेऊन हंगामभर वीटभट्टीवर जातात. ही उचल कधी कर्ज असते आणि कधी वेठबिगारी होते, हे ओळखायचं तर १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा पाठ असून भागत नाही, भट्टीवर बसून हिशेबाची वही बघावी लागते.

प्रत्येक दिवसानंतर विद्यार्थ्याला लिहावं लागतं. याला ‘रेकॉर्डिंग’ म्हणतात आणि मुलं त्यावर जेवढी वैतागतात तेवढी परीक्षेवरही वैतागत नसतील. काय घडलं, समोरचा काय म्हणाला, मी काय म्हणालो, मला तेव्हा काय वाटत होतं, मी तसं का बोललो. मग आठवड्यातून एकदा मार्गदर्शक प्राध्यापक त्या वहीवरून एकट्याला बसवून बोलतात. त्या बैठकीला सगळीकडे ‘आयसी’ (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स) म्हणतात. समजा, मुलीने लिहिलं, ‘आजी रडू लागल्या, मी त्यांना सांगितलं काळजी करू नका, तुमच्या नातवाला शाळेत घालायचं मी बघते.’ मॅडम या वाक्याखाली रेघ मारतात. हे वचन देण्याचा अधिकार तुला कोणी दिला? शाळेने नाही म्हटलं तर? मार्चमध्ये तुझं फील्डवर्क संपेल तेव्हा आजी कोणाकडे जातील? आणि हे वाक्य आजींना बरं वाटावं म्हणून होतं, की रडणं बघवेना म्हणून?

या शेवटच्या प्रश्नासाठी दोन वर्षं आणि फी आहे, असं माझं मत आहे. बाकीचं बरंचसं पुस्तकातून मिळेल.

‘मन चांगलं असलं की झालं, पदवी कशाला?’

मन चांगलं लागतंच. पण चांगल्या मनाने होणारं नुकसानही थोडं नसतं. नवऱ्याची मारहाण सहन करणारी बाई पहिल्यांदाच कोणापाशी तोंड उघडते. भल्या मनाचा शेजारी तडक नवऱ्याला जाब विचारायला जातो. रात्री त्याचा सूड कोणावर निघतो ते सांगायला नको. प्रशिक्षित कार्यकर्ती आधी तिच्याशी बोलून बाहेर पडायची वाट आखते: कागदपत्रं कुठे आहेत, मुलं कुठे असतील, रात्री दार ठोठावता येईल असं घर कोणतं. मगच तक्रार, आणि तीही त्या बाईने ठरवलं तर.

गोपनीयतेचंही तसंच. केसची गोष्ट घरी, मैत्रिणीत, व्हॉट्सॲपवर सांगायची नाही, हा पहिला धडा. आणि त्याला लागूनच दुसरा: ही गोपनीयता अमर्याद नाही. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवावंच लागतं. न कळवणं हा गुन्हा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतलं प्रकरण उघडकीला आलं, तेव्हा या कलमाची चर्चा घराघरांत झाली. ‘मुलीने मला विश्वासात घेऊन सांगितलं, मी कसं सांगू?’ हा प्रश्न विद्यार्थ्याला कधीतरी पडतो, आणि त्याचं उत्तर मन विचारून मिळत नाही.

नोकरी कोण देतं? आधी कायदे चाळा

या क्षेत्रात नोकरी शोधण्याची माझी साधी युक्ती आहे. भरतीच्या जाहिराती नंतर बघा, आधी कोणत्या कायद्याने कोणतं पद निर्माण केलंय ते बघा. संस्था येतात-जातात, कायद्याने आणलेलं पद सहजासहजी जात नाही.

सर्वांत जुनं उदाहरण आपल्याच अंगणातलं. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे कारखाने भरात होते तेव्हा समाजकार्य शिकलेल्या मुलांसाठी ही हमखास वाट होती, आणि पुढे त्यांतलेच कित्येक मनुष्यबळ विभागाचे प्रमुख झाले. नंतर बरेच कारखाने गेले, त्यांच्या जागी ऐरोली-महापेत काचेच्या इमारती आल्या, आणि मनुष्यबळासाठी कंपन्या एमबीए घेऊ लागल्या. गंमत म्हणजे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत कल्याण अधिकाऱ्यासाठीची कामगारसंख्या २५० वर आणली आहे. म्हणजे कागदावर तरी ही वाट रुंद झालीय.

मुलांच्या बाबतीत बाल न्याय कायदा, २०१५ महत्त्वाचा. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलाचा ‘सामाजिक तपास अहवाल’ परिविक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसरने) किंवा समाजकार्यकर्त्याने करायचा असतो: मुलाने काय केलं याच्या जोडीला तो कुठल्या घरातून, कुठल्या परिस्थितीतून आला. बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्याच्या बरोबरीने दोन सामाजिक सदस्य बसतात, पण त्यासाठी अनुभव लागतो. पॉक्सोच्या नियमांत पीडित मुलाला तपासापासून खटला संपेपर्यंत सोबत करणारी ‘सहायक व्यक्ती’ आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना यासाठी पात्र माणसं तयार ठेवायला सांगितलं, आणि या पात्रतेत समाजकार्याच्या पदव्युत्तरांचं नाव आहे. येत्या काळात मागणी वाढेल अशी ही जागा आहे, असं मला वाटतं.

स्त्रियांसाठी २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यातले संरक्षण अधिकारी आहेत, कौटुंबिक न्यायालयातले विवाह समुपदेशक आहेत. १९८४ मध्ये टिसने मुंबई पोलिसांबरोबर पोलिसांच्याच आवारात महिला आणि मुलांसाठी ‘विशेष कक्ष’ सुरू केला. तो प्रयोग पुढे राज्यभर गेला. तक्रार घेऊन आलेल्या बाईला खाकी वर्दीच्या शेजारीच, पण वर्दीबाहेरचं, प्रशिक्षित माणूस भेटतं, हे त्याचं मर्म.

रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक हे पद आहेच. अवयवदानाच्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीनंतर प्रत्यारोपण समन्वयक बंधनकारक झाला. मेंदू मृत झालेल्या माणसाच्या नातेवाइकांशी, आयसीयूच्या बाहेर, त्यांच्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट तासात बोलणारा हा माणूस. या पदासाठी पदवीधर चालतो, पण समाजकार्याच्या पदव्युत्तरांना पसंती आहे. जमीन संपादनाच्या २०१३ च्या कायद्याने प्रकल्पाआधी सामाजिक परिणामांचा अभ्यास आणला, आणि विमानतळ, महामार्ग, मेट्रोच्या या टापूत असे अभ्यास निघत राहणार. त्याच वर्षीच्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजोपयोगी कामावर खर्च करायला लावली. हे सीएसआरचे, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचे, पैसे कुठे आणि कसे जावेत हे बघणारी माणसं कंपन्यांना लागतात.

‘सगळं खरं, पण घर चालेल का?’

इथे गोड बोलण्यात अर्थ नाही. लहान संस्थेत सुरुवातीचा पगार बहुधा एवढा असतो की ठाण्यात स्वतंत्र खोली भाड्याने घेऊन राहायचं म्हटलं तर महिनाअखेर ओढाताण ठरलेली. आई-वडिलांच्या घरी राहणाऱ्याला जमतं. सरकारी कायम पदांचा पगार चांगला, पण भरती क्वचित निघते आणि सरकारी योजनांतल्या कितीतरी जागा कंत्राटी असतात. सीएसआरमध्ये आणि मोठ्या देणगीदार संस्थांत पैसे बरे मिळतात. तिथे इंग्रजी अहवाल, एक्सेल आणि अंदाजपत्रक आलं पाहिजे.

पगार कमी का, हेही समजून घ्या. संस्थेचा पैसा प्रकल्पाला बांधलेला असतो. प्रकल्प वर्षाचा किंवा तीन वर्षांचा, तेवढीच नोकरी. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. अनेक संस्थांना कर्मचारी ठेवणंच अवघड झालं. सरकारचं धोरण बदललं की काय होतं, याचं उदाहरण १०९८. मुलांसाठीची ही हेल्पलाइन १९९६ मध्ये टिसच्याच एका उपक्रमातून सुरू झाली आणि गावोगावच्या संस्था ती चालवत होत्या. २०२३ पासून ती सरकारने आपल्याकडे घेतली. त्यामागे सरकारची कारणं होती, पण संस्थांमधल्या कार्यकर्त्यांच्या हातातलं काम गेलं.

म्हणून माझा सल्ला कंजूष आहे: मोठं शैक्षणिक कर्ज काढून, महागड्या खासगी विद्यापीठात एमएसडब्ल्यू करू नका. अनुदानित महाविद्यालयं आहेत, शिष्यवृत्त्या आहेत, तिथून सुरुवात करा. कर्जाचा हप्ता डोक्यावर असला की माणूस पहिल्याच वर्षी हे क्षेत्र सोडतो.

‘त्यापेक्षा मानसशास्त्र का नको?’

समुपदेशनाची आवड असलेल्या मुलांचा हा रास्त प्रश्न. मानसशास्त्राचा भर माणसाच्या मनात काय चाललंय यावर. समाजकार्याचा भर माणूस आणि त्याचं घर, नोकरी, वस्ती, सरकार यांच्यातल्या सांध्यांवर. दोन्ही लागतात आणि चांगल्या ठिकाणी एकत्रच काम करतात.

ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ हा मुंबईकरांचा जुना विनोद आम्हा ठाणेकरांना पाठ आहे, आता हसूही येत नाही. आत गेलं तर दिसतं की काही माणसं बरी होऊनही तिथेच आहेत, कारण त्यांना न्यायला कोणी येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ म्हणतो की कुटुंब नाही किंवा कुटुंब स्वीकारत नाही, एवढ्याच कारणाने कोणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही. मग या माणसाचं घर शोधायचं कोणी? वीस वर्षांपूर्वीचा पत्ता घेऊन कोणत्या जिल्ह्यात जायचं, भावाला काय सांगायचं, वाटणीच्या भीतीने दार लावून घेणाऱ्या वहिनीशी कसं बोलायचं? हे काम मनोविकार समाजकार्यकर्त्याचं.

मात्र हे पद लावायचं तर नुसतं एमएसडब्ल्यू पुरत नाही. याच कायद्याच्या व्याख्येत त्यानंतर दोन वर्षांचं एमफिल लागतं. आणि एमफिल ही पदवीच देशात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनी बंद करायला घेतली. या शाखेला मध्ये सवलत मिळाली खरी, पण इकडे वळायचं असेल तर प्रवेश घेण्याआधी पुढचा मार्ग काय आहे ते विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्या.

‘मुलीला एकटीला वस्तीत पाठवायचं?’

पाठवतात, पण वाऱ्यावर सोडत नाहीत. पहिल्या काही भेटी एजन्सीच्या माणसाबरोबर असतात, वेळ दिवसाची, आणि कुठे जाणार हे आधी कळवायचं असतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे, त्यामुळे एजन्सीतच त्रास झाला तर दाद मागता येते. एक गोष्ट पालक सहसा धरत नाहीत: धोका वस्तीत कमी आणि थकव्यात जास्त. दिवसभर दुसऱ्यांची दुःखं ऐकून पोर रात्री जेवत नाही, चिडचिड करते. तिने मार्गदर्शकांशी बोलावं, याची आठवण घरच्यांनी करून द्यावी. ‘केसमध्ये काय झालं ते सांग’ असा आग्रह धरू नये. ती सांगणार नाही, आणि तेच योग्य.

घरबसल्या, आणि परदेशात

इग्नूचं दूरशिक्षणातलं एमएसडब्ल्यू आहे आणि त्यातही फील्डवर्क आहे. आधीच संस्थेत काम करणाऱ्याला ते चांगलं. अनुभव शून्य असेल, तर समोर बसून रेघ मारणारं कोणी हवं. परदेशाचं म्हणाल, तर ब्रिटनमध्ये हे बिरुद कायद्याने राखीव आहे, इंग्लंडमध्ये ‘सोशल वर्क इंग्लंड’कडे नोंदणी झाल्याशिवाय कोणी स्वतःला सोशल वर्कर म्हणवू शकत नाही. आपल्याकडे वकिलांना बार कौन्सिल आहे, तशी सगळ्या समाजकार्यकर्त्यांसाठीची वैधानिक परिषद नाही. २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्यकर्त्यांचा समावेश झालाय, म्हणजे आरोग्याच्या बाजूने सुरुवात तरी आहे.

मग कॉलेज कसं पारखायचं?

परिषद नसल्याचा थेट परिणाम असा, की एमएसडब्ल्यू नावाखाली काय मिळेल याची खात्री नाही. एका ठिकाणी दोन वर्षं घाम गाळून घेतात, दुसरीकडे फील्डवर्कच्या वह्या शेवटच्या आठवड्यात वसतिगृहात बसून भरल्या जातात. इमारत आणि प्लेसमेंटचं पत्रक बघून हे कळत नाही. टिसचा प्रवेश सीयूईटी परीक्षेतून सुरू होतो, तिथली स्पर्धा मोठी. निर्मला निकेतन मरीन लाइन्सला, म्हणजे ठाण्याहून रोजची लोकल. मुंबई विद्यापीठाशी संलग्न इतर पर्यायही आहेत, आणि जवळचं कॉलेज म्हणून ते हलकं असं समजायचं कारण नाही.

प्रवेशाआधी एकदा जाऊन सध्याच्या विद्यार्थ्यांना कँटीनमध्ये गाठा. प्राध्यापकांच्या केबिनमध्ये हे कळणार नाही. आयसी दर आठवड्याला खरंच होते का? एका प्राध्यापकाकडे किती विद्यार्थी? यंदा कोणत्या एजन्सी मिळाल्या, आणि तिथे शिकवणारा माणूस होता की मुलांना नुसतं फॉर्म भरायला बसवलं? फील्डवर्कचा प्रवासखर्च कोण करतं? आणि रेकॉर्डिंगच्या वह्या कोणी वाचतं का, की फक्त सही होते?